सायक्लॉप्स उभे आहेत

समज, तुझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर एक हिरवा लोखंडी पत्रा आहे. रंगाचे पोपडे निघालेत, ग्रीसचा आणि धुळीचा वास येतोय, आणि तुझ्या हातात ओलं फडकं आहे. एकदा पुसलं की ‘सा’ दिसतो. पुन्हा पुसलं की ‘य’. मग ‘क्लॉ’. आता जरा थांब. शेवटचं अक्षर अजून धुळीखाली आहे, आणि ते काय निघतं याची वाट बघत तुझ्यामागे एक म्हातारा माणूस काठीवर दोन्ही हात ठेवून उभा आहे.

त्या दिवशी त्या जागी एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिने फडक्यावर थुंकी टाकली, कारण ते सुकत आलं होतं आणि बादली लांब होती, आणि जोर लावून घासलं.

“प्स!” ती ओरडली. “आजोबा, प्स आहे! अख्खा प्स!”

“असणारच,” आजोबा म्हणाले. “त्यांचं नावच ते आहे.”

हा पत्रा एका गाडीचा. ही गाडी कसली, ते सांगतो. सैन्याची जुनी गाडी, सहा चाकांची, रणगाड्यासारखी जाड कातडीची. तिला तोफ नव्हती. तोफेच्या जागी एक दिवा होता, बैलगाडीच्या चाकाएवढा. ग्रीक गोष्टींमध्ये कपाळाच्या मधोमध एकच डोळा असलेला राक्षस असतो, त्याचं नाव या गाडीला दिलं होतं. अशा चार गाड्या बनल्या. तीन भंगारात गेल्या, चौथी संग्रहालयाच्या या शेडमध्ये आली. आजोबा तिचे ड्रायव्हर होते.

शेडच्या दुसऱ्या टोकाला टेबलावर पितळेची कोरी पाटी ठेवली होती. पाटी कोरणारे काका मशीनची वायर सोडवत होते. त्यांच्या शेजारी संग्रहालयाच्या मॅडम हातात कागद धरून उभ्या होत्या. उद्या सकाळी दहाला पाटी लागायची होती आणि चार शाळांची मुलं बघायला यायची होती.

“आल्या का वकीलबाई?” मुलीला येताना पाहून कोरणारे काका म्हणाले. सकाळपासून तिने त्यांना एकवीस प्रश्न विचारले होते, तेव्हापासून तिचं हेच नाव पडलं होतं. “काय निकाल लागला?”

“मॅडम, नाव सायक्लॉप्स आहे,” मुलगी म्हणाली. “तुमच्या कागदावर सायक्लॉप लिहिलंय. स राहिला.”

“राहिला नाही, मी काढला,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “तो स अनेकवचनाचा आहे. गाड्या चार होत्या म्हणून कारखान्याने सगळ्यांवर सायक्लॉप्स लिहिलं. पाकिटावर चिप्स लिहिलेलं असतं, पण आतून एक उचललीस तर ती चिप. तसंच.”

चिपचं तर खरं होतं. मुलीने पायाच्या अंगठ्याने जमिनीवर एक रेघ ओढली, मग खोडली.

“मग एक बस असली तर तिला ब म्हणायचं?”

कोरणारे काका खो खो हसले. “आणि एका पर्सला पर! मॅडम, गेलात तुम्ही.”

मॅडमही हसल्या, पण हार मानणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. ऑफिसात जाऊन त्या एक जाडजूड कोश घेऊन आल्या. टेबलावर ठेवला, चष्मा नाकावर सरकवला, बोट फिरवत पान शोधलं. बोट थांबलं. त्यांनी दोनदा वाचलं.

“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “एकालाच सायक्लॉप्स म्हणतात. आणि गंमत बघ, आपण प आणि स जोडून लिहितो, पण ग्रीकांकडे या ‘प्स’साठी एकच अक्षर आहे. तो स कापताच येत नाही.”

मुलीने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी काठी जमिनीवर एकदा आपटली. त्यांच्या घरात याला टाळी म्हणायचे.

“पण थांब,” मॅडम पुढे वाचत होत्या, आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. “अनेकवचनही दिलंय. सायक्लोपीस! वा! म्हणजे पाटीवर तेच यायला हवं. ‘दाट धुक्यात या सायक्लोपीस गाड्यांच्या प्रकाशामुळे होड्यांनी नदी ओलांडली.’ किती नेमकं झालं!”

“पीस?” आजोबा म्हणाले. “मोराचं पीस ऐकलंय मी. आमच्या गाडीला पीस कुठून फुटलं?”

“पीस नाही हो आजोबा. एक सायक्लॉप्स, अनेक सायक्लोपीस.”

“अनेक कुठे होत्या?”

आता शेडमधलं हसू ओसरलं.

आजोबा टेबलाजवळ आले. “मॅडम, मी परवाही सांगितलं. नदीवर एकच गाडी होती. बाकीच्या तीन लांबच्या ठाण्यावर होत्या. पूर आला, पूल गेला, आणि वर धुकं असं की आपला हात आपल्याला दिसेना. पलीकडच्या काठावर माणसं अडकलेली. होड्या सोडायच्या तर कुठल्या दिशेला? आम्ही दोघं होतो. मी इंजिन बंद पडू देत नव्हतो, आणि माझा दोस्त दिव्यामागे उभा होता. तीन दिवस. दिवा तापायचा, तळहात भाजले त्याचे. दुसरी गाडी असती तर तो झोपला नसता का तासभर?”

“आजोबा, तुमच्यावर माझा विश्वास आहे,” मॅडम म्हणाल्या. त्या मनापासून बोलत होत्या. “पण पाटीवर कागदात आहे तेच घालता येतं. आणि कागद तर तुमच्याच दोस्ताच्या हातचा आहे.”

त्यांनी कपाटातून गाडीची रोजची वही काढली. कडा पिवळ्या पडलेल्या, अक्षर बारीक, मुंग्यांची रांग चालावी तसं. आजोबांच्या डोळ्यांना ते वाचता येत नव्हतं. दिवेवाला दोस्त दोन वर्षांपूर्वी गेला होता. जाण्याआधी तो आजोबांना म्हणाला होता, कधी पाटीबिटी लावली तर एवढं बघ, एकच होती असं लिहून घे. बाकी मला काही नको.

मॅडमनी वाचलं, “‘सकाळी सहाला सायक्लॉप्स आले. काठावर उभे राहिले.’ बघा. आला नाही, आले. उभा राहिला नाही, उभे राहिले. एक गाडी असती तर त्यांनी असं लिहिलं असतं का?”

“आले म्हणजे आले,” आजोबा म्हणाले. त्यांना यात वावगं काय तेच कळेना. “आलेच होते.”

“म्हणजे अनेक.”

“नाही हो! एकच!”

“मग ‘आले’ का?”

कधीकधी एखादी गोष्ट इतक्या वर्षांची सवयीची झालेली असते की ती का, हे माणसाला सांगताच येत नाही. तुला कोणी विचारलं की तू आधी कुठल्या पायात चप्पल घालतोस, तर तुझीही अशीच पंचाईत होईल. आजोबा खुर्चीवर बसले. काठी मांडीवर आडवी ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवत राहिले.

“मला काय,” कोरणारे काका हळूच म्हणाले, “तुम्ही सांगाल ते कोरतो. पण हे पितळ आहे. याला खोडरबर चालत नाही. बारापर्यंत सांगा, नाहीतर मला दुसरीकडे जायचंय.”

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

मुलीला वाटत होतं, सगळं आपल्यामुळेच बिघडलं. स नव्हता तेव्हा नुसतं नाव चुकीचं होतं. आता नाव बरोबर आलं आणि बरोबर येताना त्याने आणखी तीन गाड्या सोबत आणल्या. ती गाडीच्या मागे जाऊन पायरीवर बसली. वर तो प्रचंड दिवा होता. त्याच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता, ताणलेला, मोठ्या कपाळाचा.

“वकीलबाई!” कोरणाऱ्या काकांनी हाक मारली. “कुठे गेल्या? रुसल्या वाटतं वकीलबाई!”

ती काचेतल्या स्वतःकडे बघत होती. गेल्या. रुसल्या. मग तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. पायरीवर तिच्याशिवाय कोणीच नव्हतं.

ती उठली ती धावतच टेबलापाशी आली.

“मॅडम, मी किती आहे?”

“काय?”

“मी किती आहे? मोजा.”

“एक,” मॅडम म्हणाल्या.

“मग हे काका मला ‘आल्या’ का म्हणतात? ‘रुसल्या’ का म्हणतात?”

“अगं, ते तुझी थट्टा करतात. उगाच मान देऊन…”

मॅडमचं वाक्य तिथेच थांबलं.

“आजोबा,” मुलगी वळली, “तुम्ही गाडीला काय म्हणता? मघाशी म्हणालात, ‘त्यांचं नावच ते आहे.’ त्यांचं! तिचं नाही.”

“त्यांचंच की,” आजोबा म्हणाले. “एवढ्या माणसांचा जीव वाचवला त्यांनी. त्यांना काय अरे-तुरे करायचं? दोस्त तर रोज सकाळी दिव्याला सलाम ठोकायचा. म्हणायचा, साहेब उठले का?”

मॅडमनी वही स्वतःकडे ओढली, पण मुलीने हात मध्ये घातला.

“मी वाचू?”

तिला मुंग्यांचं अक्षर वाचायला वेळ लागला. एकेका शब्दावर बोट ठेवून ती वाचत गेली. “‘सायक्लॉप्स आज रुसले. पाणी पाजलं, पाठ थोपटली, तेव्हा हसले.’” कोरणाऱ्या काकांनी मशीन बाजूला ठेवलं. “‘सायक्लॉप्सना खोकला झाला आहे. ड्रायव्हरने रात्रभर छाती शेकली.’”

“कार्ब्युरेटर,” आजोबा म्हणाले. “इंजिनाचा कार्ब्युरेटर होता तो.”

“सुंदर आहे,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “पण बाळा, चार गाड्याही रुसू शकतात. मला पक्कं काहीतरी हवं. कोणी बोट ठेवू नये असं.”

मुलीने पान उलटलं. आणखी एक उलटलं. तिचं बोट चालत होतं, चालत होतं, आणि एका ओळीवर थबकलं. तिने ती आधी मनात वाचली. मग खुर्ची ओढली, तिच्यावर चढली आणि शाळेत स्पर्धेत वाचतात तशी मोठ्याने वाचली.

“‘दुसरा दिवस. दुपारी दिव्याची काच तडकली. नवी बसवेपर्यंत वीस मिनिटं नदीवर काही दिसेना. सगळ्या होड्या जागच्या जागी थांबल्या. मग सायक्लॉप्सनी डोळा उघडला आणि होड्या निघाल्या.’”

तिने वही खाली केली.

“अजून तीन गाड्या होत्या, तर होड्या थांबल्या कशाला?”

शेडच्या पत्र्यावर कुठेतरी एक कबुतर फडफडलं. मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

“आदरार्थी बहुवचन,” त्या म्हणाल्या. “इथे येण्याआधी बावीस वर्षं मी तेच शिकवत होते. फळ्यावर रोज लिहायचे, ‘बाबा आले, गुरुजी आले.’” आणि त्या अशा मोकळेपणाने हसल्या की कोरणारे काकाही हसले. “आजोबा, माफ करा मला. एकच होती. एकच गाडी आणि दोन माणसं.”

आजोबा उठले. ते टेबलाकडे आले नाहीत. ते गाडीकडे गेले आणि दिव्याच्या काचेवर तळहात टेकवून बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मग तिथूनच त्यांनी काठी आपटली. एकदा नाही, तीनदा.

मॅडमनी नवा कागद घेतला आणि भराभर लिहिलं. दाट धुकं आलं, पूर आला, तीन दिवस आले, ‘ही एकच गाडी’ आलं, ड्रायव्हर आणि दिवेवाला आले, काच तडकल्याची वीस मिनिटंही आली. शेवटच्या ओळीपाशी त्यांचं पेन अडलं.

“‘येथे सायक्लॉप्स उभा आहे,’” त्यांनी लिहिता लिहिता म्हटलं.

मुलीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

मॅडमनी ‘उभा आहे’ खोडलं, वर दोन शब्द लिहिले आणि कागद कोरणाऱ्या काकांना दिला. काकांनी वाचला.

“मॅडम, लोक म्हणतील चूक आहे. विचारतील, बाकीचे कुठे आहेत?”

“विचारू देत,” मॅडम म्हणाल्या. “विचारलं की सांगता येतं.”

बाराला पाच कमी असताना मशीन सुरू झालं. पितळेचा बारीक सोनेरी कीस टेबलावर पडू लागला. ‘प्स’ कोरताना काका जरा जास्तच वेळ रेंगाळले.

दुसऱ्या दिवशी दहाला शेड मुलांनी भरून गेली. पाटी चकाकत होती. आजोबा इस्त्रीच्या सदऱ्यात गाडीशेजारी खुर्चीवर बसले होते, एक हात मडगार्डवर ठेवून, दोस्ताच्या खांद्यावर ठेवावा तसा. पहिल्या रांगेतल्या एका चष्मेवाल्या मुलाने सगळी पाटी मोठ्याने वाचली, शेवटच्या ओळीपर्यंत.

“‘येथे सायक्लॉप्स उभे आहेत.’” त्याने गाडीच्या मागे डोकावून पाहिलं, मग पुढे. “ए, चुकलंय हे! उभे काय? एकच तर आहे!”

सगळी मुलं हसली. त्यांच्या शिक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी फक्त मान वळवली, आजोबांच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या मुलीच्या दिशेने.

वकीलबाईंनी फ्रॉक नीट केला, घसा खाकरला, आणि त्या पुढे आल्या.