स्थिर वस्तू वगळा

अपडेटनंतर तिसऱ्या दिवशी अभ्यासिकेतल्या सतरा मुली भिंतीत गेल्या. मला फोन आला तो मात्र मोबाइलवर बाकं रिकामी दिसतात म्हणून.

"बिराजदार मॅडम, नऊ नंबरचा कॅमेरा बघा जरा," देवणीकर सर म्हणाले. "पालकांचे फोन सुरू झालेत. मुली आहेत हो जागेवर. फक्त दिसत नाहीत."

देवणीकर सरांचा मेडिकल प्रवेशाचा क्लास आहे आणि वरच्या मजल्यांवर मुलींचं वसतिगृह. तिथले अकरा कॅमेरे मी बसवलेले. त्यांचं चित्र पालकांना घरबसल्या मोबाइलवर दिसतं. सरांच्या जाहिरातीत त्यांच्या फोटोशेजारी कॅमेऱ्याचा फोटो असतो, आणि दोघांत कॅमेराच जास्त समजूतदार दिसतो. सोमवारी कंपनीचं नवं अपडेट आलं. मी ते घरूनच, एका हाताने थालीपीठ खात, अकराही कॅमेऱ्यांत टाकलं. सोबतची माहिती वाचली नाही. ती कुणीच वाचत नाही, असं मी नंतर स्वतःला बऱ्याचदा सांगितलं.

अकराच्या सुमारास शिडी आणि लॅपटॉप घेऊन मी तिसऱ्या मजल्यावर पोचले. पॅसेजमधला पाण्याचा कूलर भिंतीत गेला होता. नळ तेवढा बाहेर होता आणि ठिबकत होता. अभ्यासिकेत मुलींनी भिंतीकडे तोंड करून बसायचं, ही सरांची कल्पना. समोर माणूस दिसला की लक्ष उडतं, असं ते पालकसभेत सांगतात आणि पालक माना डोलावतात. आता त्याच भिंतींवर मुलींच्या पाठी उमटल्या होत्या. गिलावा तेवढ्या जागी हलकासा फुगलेला, वर नवाकोरा पिस्ता रंग. वेण्यांच्या जागी बारीक तडे. प्रत्येक पाठीखालून एक उजवा हात मात्र बाहेर आला होता, आणि सतराही हात बाकावरच्या वह्यांत लिहीत होते.

मी एका पाठीवर तळहात ठेवला. भिंत कोमट होती.

लॅपटॉप जोडल्यावर कारण पाच मिनिटांत सापडलं. नव्या अपडेटमध्ये एक सोय होती: स्थिर वस्तू वगळा. चाळीस मिनिटं जे हलणार नाही, ते कॅमेरा भिंत समजणार. मुली सकाळी सहापासून हलल्या नव्हत्या. मान वर केली की नाव फळ्यावर लागतं, म्हणून. हात हलत होते, पण नुसत्या हाताला कॅमेरा माणूस मानत नव्हता. सोय बंद करायचं बटण होतं, पण ते दाबलं जात नव्हतं. जुनं सॉफ्टवेअर परत टाकावं, तर त्याची प्रत मी ठेवली नव्हती.

मी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

"मॅडम, कॅमेरा बंद करून चालू केलात का?"

"केला. बंद केला की मुली गार पडतात."

"आणि चालू केल्यावर?"

"कोमट होतात."

"म्हणजे यंत्र व्यवस्थित आहे," तो म्हणाला. फोन ठेवायच्या आतच तक्रार निकाली निघाल्याचा मेसेज आला, आणि पाच तारे द्याल का, असा दुसरा.

सर दारातून हे ऐकत होते. त्यांनी एकाही मुलीला हाक मारली नाही. त्यांना फक्त एवढंच विचारायचं होतं, "मागचं रेकॉर्डिंग असतं ना तुमच्याकडे?"

"पंधरा दिवसांचं."

"मग मागचा मंगळवार लावा. त्या दिवशी फार छान बसल्या होत्या."

"सर, मुली भिंतीत आहेत."

"मॅडम, अपडेट कुणी टाकलं?"

मी मागचा मंगळवार लावला. हे मी कुणाला सांगितलं नसतं, पण आता सांगून काही बिघडत नाही. दहा मिनिटांत पालकांचे फोन थांबले. कुणी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, कुणी 'आज एकाग्रता चांगली आहे' असं लिहिलं. सर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि स्वतःच्या मोबाइलवर मागचा मंगळवार बघू लागले. समोर सतरा पाठी खऱ्याखुऱ्या होत्या, पण त्यांना मोबाइलमधल्या जास्त आवडत होत्या.

सव्वादोनला एक माणूस जिना चढून आला. गळ्यात टेप, शर्टाच्या खिशाला खडूचा डाग. माधव टोम्पे, उदगीरला त्यांचं शिलाईचं दुकान. मशीनला टेकून मोबाइल उभा करायचा आणि दिवसभर मुलीची पाठ बघत शिवायचं, हा त्यांचा आठ महिन्यांचा नेम. मला अशा बापांचा तिटकारा आहे. मी बसवलेल्या कॅमेऱ्यांवर तेच जगतात, म्हणून जास्तच.

"मयुरी कुठंय?" ते म्हणाले. "मोबाइलात जांभळा कमीज घालून बसलीय. तो कमीज मी परवा उसवायला घरी नेलाय."

सर खुर्चीतून उठलेही नाहीत. "दार लावा आधी," ते मला म्हणाले. "बाकीच्या मुली जेवून येतील आता."

मी दार लावलं. टोम्पे पहिल्या पाठीपासून सुरुवात करून एकेका पाठीला टेप लावत गेले. खांदा, मग मान ते कंबर. सातव्या पाठीशी ते थांबले. खिशातून खडू काढून त्यांनी गिलाव्यावर खांद्याची रेघ ओढली.

"चौदा," ते म्हणाले. "ही माझी."

"भिंतीवर लिहू नका," सर म्हणाले. "रंग नवीन आहे."

टोम्पेंनी भिंतीला कान लावला. "मयुरी, माय, बाहेर ये."

आतून आवाज आला, जाड रजईतून यावा तसा. "पप्पा, दोन चॅप्टर राहिलेत."

"राहू दे चॅप्टर. जराशी हल."

"हलायचं नाही असं सांगितलंय."

"मी सांगतो ना!"

"तुम्हीच सांगितलं होतं, पप्पा. जूनमध्ये. सोडायला आलात तेव्हा."

टोम्पेंनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. त्यांना वाटलं, लिहिणं थांबलं की ती उठेल. हात थोडा वेळ हवेतच लिहीत राहिला, मग बाकावर पेन शोधू लागला, मग थकून वहीवर पडला. नखांपासून तो पिस्ता रंगाचा व्हायला लागला. टोम्पेंनी घाईघाईने पेन परत बोटांत कोंबलं आणि बोटं स्वतःच्या मुठीत धरून कागदावर फिरवली. बऱ्याच वेळाने हात पुन्हा आपलाआपण लिहू लागला. तोवर टोम्पेंच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. मला त्यांचा तिटकारा वाटायचा थांबला. माझा स्वतःचा तेवढा राहिला.

मी सरांकडे वळले, तर सर गुडघ्यापर्यंत खुर्चीसकट भिंतीत होते. ते चाळीस मिनिटं हलले नव्हते. बघता बघता पोट गेलं, कोट गेला. मागच्या मंगळवारावर फिरणारा एक अंगठा बाहेर राहिला, आणि हसू. हसू सर्वांत शेवटी गेलं, कारण ते जाहिरातीसाठी कायमचं बसवलेलं होतं.

"दार उघडा," टोम्पे म्हणाले. "माणसं बोलवू. पहार आणू."

दार नव्हतं. दारही सव्वादोनपासून हललं नव्हतं. कडीचा फुगवटा तेवढा हाताला लागला. दोन खिडक्यांपैकी एक गेली होती, दुसरीच्या कडा बुजत होत्या. मदत क्रमांकावर गाणं वाजत राहिलं. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी होते, आणि टोम्पेंना म्हणाले, "थांबू नका. काहीतरी हलवत राहा." ते बापडे टेप गुंडाळत आणि सोडत राहिले.

तेव्हा मला ते सुचलं. सोपं होतं. चार तास आधी सुचायला हवं होतं, पण चार तास मी माझ्या नोकरीचा विचार करत होते.

मी शिडीवर चढले, कॅमेऱ्याचे तिन्ही स्क्रू काढले, वायर तशीच ठेवली आणि कॅमेरा दोन्ही हातांत धरला. मुली हलत नसतील तर कॅमेरा हलवायचा. त्याला दोन्ही सारखंच. मी तो सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवला, मग परत. सरांचा कोपरा मी चौकटीत येऊ दिला नाही.

पाचव्या फेरीला मयुरीची वेणी सुटी झाली. मग खांदे आले, मग कान. पापड मोडावा तसे गिलाव्याचे पोपडे बाकावर पडत होते. टोम्पेंनी तिला काखेत हात घालून मागे ओढलं आणि ती त्यांच्या अंगावर कोसळली. तिच्या भुवयांना पिस्ता रंग होता. एकेक करून बाकीच्याही आल्या. कुणी खोकत होती, कुणी दातांतली वाळू थुंकत होती. सतराही जणींनी माना वर केल्या आणि एकमेकींचे चेहरे पाहिले.

"तू सोलापूरची ना?" एक दुसरीला विचारत होती. त्या आठ महिने शेजारी बसत होत्या.

मी हात थांबवला. लगेच त्यांच्या कोपरांवर पांढरी झाक आली. मी पुन्हा कॅमेरा फिरवायला लागले. झाक गेली.

"ताई, असंच चालू ठेवा," टोम्पे खालून म्हणाले. "मी दाराची जागा फोडतो." त्यांनी बाकाची लोखंडी पट्टी उचकटली.

खाली लॅपटॉपवर कॅमेऱ्याचं चित्र चालू होतं. त्यात प्रत्येक मुलीभोवती हिरवी चौकट येत होती. मग चित्रात एक मोठी चौकट आली, जमिनीपासून छतापर्यंत. मग दुसरी. माझ्या हातातल्या कॅमेऱ्यात मुलींसारख्या भिंतीही हलत होत्या, आणि आता तो त्यांना वगळत नव्हता.

"पप्पा, ही भिंत श्वास घेतेय," मयुरी म्हणाली.

टोम्पेंनी पट्टीचा पहिला घाव घातला. भिंतीने अंग चोरलं.

मी हात थांबवू शकत नव्हते. मुली खोलीच्या मधोमध, शिडीभोवती, गोळा झाल्या. खिडकीकडच्या भिंतीने आधी सगळा भार एका बाजूला घेतला, फार वेळ उभं राहिलेलं माणूस घेतं तसा, मग जमिनीतून दुसरा पाय सोडवला, आणि आमच्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं.