दाराबाहेरचा तास

आमचे हे, शेषेराव, नांदेड डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. उभी नोकरी बिलोली, उमरी, लातूर याच रस्त्यांवर गेली. कुणाला रस्ता विचारायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही, आणि बायकोचं ऐकायची तर नाहीच नाही. अशा माणसाला म्हातारपणी न्यूझीलंडात जाऊन काचेला चिकटवलेल्या, रस्ता सांगणाऱ्या एका डबीचं ऐकत गाडी चालवावी लागली. त्यांनी ऐकलंही बिचाऱ्यांनी सगळं. तिचं शेवटचं एक वाक्य तेवढं आम्हाला खरं वाटलं नाही, आणि तिथंच आमचं वाटोळं झालं.

आमचा सत्यम तिकडे दूध पावडरच्या कारखान्यात आहे. सून पुनम लातूरची. दोघांचं फाटलं, आणि ती आमच्या नातीला, तनुजाला, घेऊन तिकडेच दुसऱ्या गावी राहायला गेली. सत्यमनं तिच्यावर हात उगारला होता. पोटचा आहे म्हणून मी झाकणार नाही. कोर्टानं त्याला त्या दोघींच्या जवळपास फिरकायचं नाही म्हणून सांगितलं. तनुजाला आम्ही बघितलं ते लातूरला, तिच्या बारशाला, तेवढंच. मग फोटो यायचे, नंतर तेही बंद झाले. आम्ही तिकडे गेलो तेव्हा ती पाच वर्षांची झाली होती. वकिलानं खटपट करून आजी-आजोबांसाठी परवानगी काढली. एकदाच, एक तास, तेही एका संस्थेच्या जागेत, त्यांच्या माणसांसमोर. दोन दिवसांनी आमचं परतीचं विमान होतं.

निघायच्या दिवशी सकाळी सत्यमनं डबीत पत्ता घातला. तिला हिंदी बोलायला लावलं.

"आबा, ती सांगंल तसं वळा. गाडी आपल्यासारखी डाव्या बाजूनंच चालवायची हाय, कायबी अवघड न्हाई. पोचलात की तिथं एक बाई हाय, ती घेईल तुमाला आत."

ती जागा त्यानंही कधी पाहिली नव्हती, त्याला जायचीच बंदी. एवढं सांगून तो कामावर गेला. कारखान्यात आत फोन नेता येत नाही.

मी मांडीवर लाडवांचा डबा घेतला आणि पिशवीत परकर-पोलकं. अंदाजानं शिवून आणलं होतं, वाढत्या अंगाचं. रस्ता सगळा हिरवागार, जिकडेतिकडे मेंढरं आणि माणूस नावालाही नाही. विचारायचं कुणाला? डबीतली बाई मात्र गप्प बसेना. "गोल चक्कर से दूसरा निकास लीजिए," असं ती दर थोड्या वेळानं म्हणायची.

"हिच्यापेक्षा आमची चांगुणा कंडक्टर बरी," हे म्हणाले. "एक बेल, थांब. दोन बेल, चल. येवढी बडबड कशाला पायजे?"

त्या दिवशी ते खुशीत होते. दाढी घोटून केली होती, नवी टोपी घातली होती. "तनू मला काय म्हणंल गं? आबा म्हणंल का आजोबा?" असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "म्हातारा म्हणंल." तर हसले. त्यानंतर त्यांना तसं हसताना मी पाहिलेलं नाही.

डबीतल्या बाईनं आम्हाला एका गल्लीत आणलं आणि म्हणाली, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं. मंज़िल आपके बाईं ओर है."

डावीकडे दवाखान्यासारखी एक बैठी पांढरी इमारत होती. पाटी नाही, दार लावलेलं, दाराबाहेर एक चप्पल नाही. आमच्याकडे पाहुणा यायचा असला तर घरातलं कुणीतरी आधीच ओट्यावर येऊन बसतं. इथं चिटपाखरू नव्हतं. आम्ही थोडे आधीच पोचलो होतो, म्हणून गाडीत बसून राहिलो.

वेळ झाली. कुणी बाहेर आलं नाही.

"उतरू का?" मी विचारलं.

"बेल तर होऊ दे," हे म्हणाले. "सत्यम म्हणला न्हाई का, बाई घ्यायला येणार हाय."

आणखी थोडा वेळ गेला. मी गाडीच्या दाराची कडी धरली, "मी जाऊन दार वाजवते."

त्यांनी माझा हात पकडला. "सिंधे, मी लातूरला सबद दिलाय."

तो शब्द मला माहीत होता. भांडण नवं नवं होतं तेव्हा आमच्या भावकीतले चारजण जीप करून लातूरला गेले आणि पुनमच्या माहेरी घुसून तमाशा करून आले. यांना कळलं तेव्हा हे एकटेच माफी मागायला गेले. पुनमच्या वडिलांनी, श्रीमंतरावांनी, यांना आत या म्हटलं नाही. उंबऱ्यातूनच बोलले, "बोलावल्याबिगर माझ्या लेकीच्या दारात पाय ठिवायचा न्हाई. इथं न्हाई, अन् तिकडंबी न्हाई." यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून कबूल केलं आणि पाणीही न पिता परत आले.

"आपण घुसलो तर काय म्हणतील?" हे म्हणाले. "लेक तसा, तसेच मायबाप. बोलावतील की. दम धर जरा."

मी दम धरला. आयुष्यभर यांचं एक ऐकलं नाही आणि नेमकं त्या दिवशी ऐकलं.

तेवढ्यात इमारतीच्या खिडकीत एक लेकरू आलं. केस कानाच्या वर कापलेले, अंगात पँट आणि निळा स्वेटर. मुलगा का मुलगी तेही कळेना. नाक काचेला लावून आमच्याकडे बघत होतं. यांनी हात हलवला. त्यानंही हलवला. मग यांनी त्याला एसटी चालवून दाखवली. स्टेअरिंग गरागरा फिरवलं, गाल फुगवून तोंडानं भोंगा वाजवला. ते लेकरू पोट धरून हसलं, मागं वळून आत कुणालातरी बोलवायला लागलं.

"आपलीबी येवढीच असंल," मी म्हटलं.

हे एकदम गंभीर झाले. "ही जागा न्हाई. डबी चुकली. आपली तिकडं कुठंतरी दारात हुबी राहून वाट बघून राहिली असंल, अन् मी इथं दुसऱ्याच्या लेकराशी खेळून राहिलो."

त्यांनी गाडी काढली. गल्लीमागून गल्ली हिंडलो. कुठल्या दारात आपल्याकडची बाई दिसते का, परकराएवढी पोर दिसते का, ते मी बघत होते. डबी सारखी सांगत होती, "यू-टर्न लीजिए." हे तिच्यावर खेकसले, "गप बस!" सत्यमचा फोन लागत नव्हता. शेवटी परत त्याच इमारतीशी आलो तेव्हा तास संपून गेला होता. खिडकीत कुणी नव्हतं.

संध्याकाळी सत्यमनं संस्थेत फोन लावला. बोलता बोलता तो खाली फरशीवरच बसला.

"आबा, तीच जागा होती," तो म्हणाला. "तिथं येणाऱ्या बायका-लेकरांवर हल्ले होतात म्हणून पाटी लावत न्हाईत. दार नुसतं ढकलायचं होतं. बाई आत टेबलाशी बसली होती. तिनं गाडी बघितली, पण बाहेर येऊन कुणाला बोलवायचं न्हाई असा त्यांचा नियम हाय. यायचं का न्हाई ते ज्याचं त्यानं ठरवायचं."

"अन् तनू?" मी विचारलं.

"ती खिडकीतच होती. बाईला म्हणली, बाहेरच्या आजोबांनी मला गाडी चालवून दाखवली." सत्यमनं फोन फरशीवर ठेवला. "म्हणली, ते लई छान हायेत. माझे आजोबा कधी येणार?"

यांनी जाऊन गाडीतली डबी काढून आणली आणि मांडीवर घेऊन बसले. म्हणाले, "तिनं सांगितलं व्हतं गं. पोचलात म्हणली व्हती."

संस्थेनं कोर्टाला कळवलं, आजी-आजोबा आले नाहीत. वकील म्हणतो, न आलेल्या माणसांना पुन्हा वेळ कोण देणार? पुनमला मी दोष देत नाही. तिनं पोरीला आणून बसवलं होतं. आम्हीच दारापर्यंत जाऊन परत आलो. आता आम्ही नांदेडला आहोत. परकर-पोलकं कपाटात आहे, आणि वाढत्या अंगाचं शिवलं तरी ते किती दिवस पुरणार? मला रडू येतं तेव्हा मी रडून घेते. यांना तेही जमत नाही. नुसते ओट्यावर बसून असतात.

आमचं पुढचं दार आता दिवसभर सताड उघडं असतं. लावलं की हे उठून उघडतात. परवा विजेचं मीटर बघायला एक बाई आली आणि रीतीप्रमाणे उंबऱ्याबाहेर थांबली. "येऊ का आत?" तिनं विचारलं.

हे ओट्यावरून असे ओरडले की शेजारपाजारचे बाहेर आले. "ये की! दार उघडं हाय न्हवं! कशाची वाट बघून राहिलीस? कुणी येत नसतं बोलवायला!"

ती बाई घाबरून दोन पावलं मागं सरकली. आणि हे हात जोडून तिच्यापुढं उभे राहिले, "जाऊ नको बाई, आत ये," असं म्हणत पोरासारखे रडायला लागले.