कोपऱ्यातली पेटी

अठरा वर्षं बाइंडरांना मधमाशा चावत होत्या आणि अठरा वर्षं ते चावलेल्या जागेवर थुंकी लावून पुढच्या कामाला लागत होते. त्यामुळे उन्हाळ्यातल्या त्या सकाळी मनगटावर एक माशी चावली तेव्हा त्यांनी मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही. पाच मिनिटांनी ते परसदारच्या पायरीवर बसले होते. ओठ सुजले होते आणि श्वास घेताना घशातून बारीक शिट्टी वाजत होती.

बाइंडर म्हणजे पुस्तकं बांधणारे. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. लोखंडी दाबयंत्र, सरसाचं भांडं आणि पाठ मोडलेल्या पुस्तकांची चळत. त्यांची बायको आतल्या खोलीत कपडे दुरुस्त करून द्यायची. सैल करणं, आत घेणं, चेन बदलणं. गल्लीत तिला सगळे टाकेबाई म्हणत. घरामागे चिंचोळं परस होतं आणि त्यात बाइंडरांच्या तीन मधपेट्या. टाकेबाईंचा माशांशी संबंध मधाच्या बरणीपुरता. परसात त्या कपडेही वाळत घालायच्या नाहीत.

त्या दिवशी मात्र त्या अनवाणी परसात धावल्या आणि रुग्णवाहिका येईपर्यंत नवऱ्याचं डोकं मांडीवर धरून बसल्या.

बाइंडर वाचले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, "तुमच्या शरीरानं आता माशांशी वैर धरलंय. पुढच्या वेळी इथपर्यंत पोचालच असं नाही." तीन दिवस त्यांना ठेवून घेतलं.

नेमके ते तीन दिवस उन्हाचा कहर होता. दुसऱ्या दिवशी दुपारी टाकेबाई कपडे न्यायला घरी आल्या आणि सहज स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांनी परसात पाहिलं. तिन्ही पेट्यांच्या तोंडाशी माशांचे घोसच्या घोस लटकत होते. कोपऱ्यातल्या पेटीखाली जमिनीवर काहीतरी काळपट, चिकट ओघळलं होतं.

त्यांनी दवाखान्यात फोन लावला. "अहो, त्या सगळ्या बाहेर येऊन लटकल्यात. दाढीसारख्या. चिडल्यात का?"

"चिडल्या नाहीत गं, उकडतंय त्यांना." बाइंडरांचा आवाज अजून घोगरा होता. "ऊन वाढलं की मी वर कापड बांधतो. ह्या वेळी राहिलंच."

"आणि कोपऱ्यातल्या पेटीतून काहीतरी गळतंय."

"मेण मऊ होऊन पोळं खाली आलं असेल. मध वाहतोय." मग ते हळूच म्हणाले, "राहू दे. तू कशी जाणार तिथे. राहू दे."

त्या 'राहू दे'नंतर टाकेबाई थांबल्या नाहीत. त्यांनी नवऱ्याचा रेनकोट चढवला, डोक्यावरून खिडकीचा जाळीचा पडदा घेतला, हातात भांडी घासायचे रबरी मोजे. अशा थाटात त्या परसात गेल्या आणि वाळवणाच्या काठ्या रोवून तिन्ही पेट्यांवर डबल बेडची चादर ताणून बांधली. परातीत खडे घालून पाणी ठेवलं. सगळं होईपर्यंत घामानं त्यांची अंघोळ झाली. माशांपैकी एकीनेही त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. टाकेबाईंना थोडा अपमानच वाटला.

तासाभरानं परातीच्या काठावर माशा रांगेनं पाणी पीत होत्या. टाकेबाई खिडकीतून बघत राहिल्या. दवाखान्यात परतायला उशीर झाला.

बाइंडर घरी आले ते माशी चावलीच तर लगेच टोचायचं, पेनासारखं एक इंजेक्शन खिशात घेऊन. आल्या आल्या म्हणाले, "माझ्या ओळखीचा एक माळी आहे. तो नेईल पेट्या. उद्याच सांगतो त्याला."

टाकेबाई सुईत दोरा ओवत होत्या. "नको. मी बघते."

"काय बघतेस?"

"माशा."

"झुरळ दिसलं तर खुर्चीवर चढतेस तू!"

"झुरळाची गोष्ट वेगळी. झुरळ काही काम करत नाही."

बाइंडर हसायला लागले, हसता हसता खोकले आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बायको हसत नाहीये.

बाइंडरांकडे नुसती जाळीची टोपी होती. बाकी ते शर्टाच्या बाह्या दुमडून काम करायचे. टाकेबाईंनी आपल्या मापाचा पांढरा, सबंध अंगभर पोशाख शिवला. मनगटाला, घोट्याला दुहेरी इलॅस्टिक. बाइंडरांनी प्रत्येक शिवण उजेडात धरून तपासली. "असा टाका तर मी शब्दकोशालासुद्धा घालत नाही," ते म्हणाले. एवढी तारीफ त्यांनी लग्नानंतर दुसऱ्यांदा केली असेल.

शिकवणी खिडकीतून सुरू झाली. खिडकी घट्ट बंद, आत बाइंडर, बाहेर टाकेबाई. पहिल्या दिवशी फोन करून पाहिला. पण टाकेबाई म्हणाल्या, "कानात कुणी बोलत असलं की मला हातात काय आहे तेच कळत नाही." मग चमचा आला. काचेवर एकदा टक केलं की थांब. दोनदा म्हणजे पुढे चालू दे. सलग टकटकटक म्हणजे अगं बाई, नको! पहिल्या आठवड्यात तिसराच प्रकार जास्त वाजला. पटाशीनं झाकण उचकटताना, पोळ्याची चौकट वर काढताना, धूर सोडताना, सगळीकडे टकटकटक.

पण टाकेबाईंचा हात सावकाश होता. बाइंडर चौकट खटकन उचलायचे. त्या रेशमी अस्तर उसवावं तशी उचलायच्या. ऊन तापायच्या आत, सकाळीच काम उरकायच्या. कोपऱ्यातल्या पेटीतलं खाली आलेलं पोळं त्यांनी तुकड्यातुकड्यानं बाहेर काढलं. एकही माशी उसळली नाही. काचेआडून बाइंडर बघत होते. आपण असतो तर चार तरी चावल्या असत्या, हे त्यांना दिसत होतं.

त्या दिवशी चमचा वाजलाच नाही.

"आज काही बोलला नाहीत," आत आल्यावर टाकेबाई म्हणाल्या.

"गरज नव्हती," बाइंडर म्हणाले आणि दुकानात निघून गेले. दिवसभर दाबयंत्राचा दांडा जरुरीपेक्षा जास्त जोरात फिरत राहिला. दुसऱ्या दिवशी खिडकीत कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशीही.

टाकेबाईंनी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून परसातून येताना त्या काहीतरी घेऊन यायला लागल्या. मेणाचा एखादा तुकडा, एखादा मेलेला जाडा नर, कधी डिंकासारखा चिकट राळेचा गोळा. दुकानात जाऊन पुस्तकांच्या चळतीवर, कागदावर ठेवायच्या. "हे काय आहे हो?" बाइंडर चष्मा वर करून वाकायचे, वास घ्यायचे, सांगायला लागायचे आणि सांगता सांगता पाऊण तास जायचा. एकदा तर त्या राळच घेऊन गेल्या, जी गेल्याच आठवड्यात विचारून झाली होती. बाइंडरांनी ओळखलं. तरी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि टाकेबाईंनी पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते खिडकीत हजर होते.

हवा बदलली. सकाळी खिडकीच्या काचा घामेजायला लागल्या आणि परसातलं झाड पानं टाकायला लागलं. आता पेट्या थंडीसाठी तयार करायच्या होत्या. दार दोन बोटांइतकं ठेवून बाकी लाकडाच्या पट्टीनं बंद करायचं, म्हणजे वारा आणि उंदीर दोन्ही बाहेर. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी, असा दाट पाक डब्यातून ठेवायचा. आणि पेटी मागून एका हातानं जराशी उचलून वजन बघायचं.

"किती लागलं पाहिजे?" टाकेबाईंनी विचारलं.

बाइंडरांनी त्यांच्या हातात कचेरीचं एक जाडजूड रजिस्टर ठेवलं. "एवढं तर पाहिजेच."

दाराशेजारची पेटी रजिस्टरापेक्षा जड भरली. मधली तर जागची हलेना. कोपऱ्यातली पोरांच्या वहीसारखी सहज वर आली. तिचा निम्मा मध उन्हाळ्यात मातीत गेला होता आणि माशाही मूठभरच उरल्या होत्या.

"पाकानं भागायचं नाही," बाइंडर म्हणाले. "एका पेटीत दोन राण्या नांदत नाहीत. तिची राणी काढून टाक आणि ती पेटी मधलीवर चढव. मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा. कागद कुरतडून एकमेकींपर्यंत पोचेस्तोवर वासाची सवय होते. मग भांडत नाहीत."

"राणी मारायची?"

"हो."

"आणि कोपऱ्यातली पेटी?"

"रिकामी होईल."

"तुमची सगळ्यात पहिली पेटी आहे ती."

"पेटी पहिली आहे. माशा दरवर्षी नव्याच असतात."

"मी नाही करणार," टाकेबाई म्हणाल्या. "पाक घालीन रोज. पण हे नाही करणार."

बाइंडरांनी रजिस्टर उचलून पुन्हा चळतीवर ठेवलं. "बरं," ते म्हणाले.

थंडी पडली ती कडक पडली. माशा आत एकमेकींना बिलगून बसल्या. आता पेटी उघडायची नाही, फक्त ऐकायचं. टाकेबाई रोज सकाळी स्वेटर, मफलर घालून बाहेर जायच्या, एकेका पेटीच्या लाकडाला कान लावायच्या. आत लांबून शिवणयंत्र चालावं तशी घरघर असायची. मग त्या खिडकीकडे वळून अंगठा वर करायच्या. तीन पेट्या, तीन अंगठे. काचेआड बाइंडर मान हलवायचे आणि चहा ठेवायचे.

एके सकाळी कोपऱ्यातल्या पेटीतून काही ऐकू आलं नाही.

टाकेबाईंनी मफलर बाजूला करून कान पुन्हा लावला. बोटानं टकटक केलं. इतर वेळी टकटक केली की आतून भर्रकन उत्तर यायचं. तिथेच वाकलेल्या त्या थोडा वेळ राहिल्या. मग वळल्या. खिडकीत बाइंडर शाल गुंडाळून उभे होते, काचेवरची वाफ बाहीनं पुसत, डोळे बारीक करून. टाकेबाईंनी अंगठा वर केला.

एकदा वर केलेला अंगठा दुसऱ्या दिवशी खाली कसा करणार? त्या रोज तीन अंगठे दाखवत राहिल्या. परगावच्या लेकीचा फोन आला की तिलाही सांगायच्या, सगळ्या मजेत आहेत. रात्री मात्र कूस बदलत राहायच्या. नको म्हटलं ते आपणच.

असा महिना गेला. एक दिवस चहा पिता पिता बाइंडर म्हणाले, "कोपऱ्यातली गेली ना गं?"

टाकेबाईंनी बशी खाली ठेवली. "तुम्हाला कसं कळलं?"

"सकाळी झाकणांवर दव गोठलेलं असतं. दोन पेट्यांचं मधोमध आधी वितळतं, आतल्या उबेनं. कोपऱ्यातलीचं ऊन येईपर्यंत पांढरंच राहतं."

"कधीपासून माहीत आहे?"

"झाला महिना."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी वाटलं, तुला कळलंच नाही. मग वाटलं, कळलंय. तेव्हा तर बोलायला जीभच रेटेना."

टाकेबाईंनी पदरानं नाक पुसलं. "तुमचं ऐकलं असतं तर जगल्या असत्या."

"जगल्या असत्या कदाचित." बाइंडर खोटं धीर देणाऱ्यांतले नव्हते. "पण तू नाही म्हणालीस तेव्हा मला बरं वाटलं होतं. हेही खरं. मला सांगता आलं असतं, हट्ट करू नको म्हणून. मी नाही सांगितलं."

त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग बाइंडर म्हणाले, "ती पेटी साफ करायला हवी. तशीच ठेवली तर बुरशी धरेल. मी करतो."

"तुम्ही?"

"तिच्यात आता मला चावायला कोण आहे?"

टाकेबाईंनी विचार केला. "दोन दिवस थांबा," त्या म्हणाल्या. दोन दिवसांत त्यांनी नवऱ्याच्या मापाचा पोशाख शिवला, गळ्याशी दुप्पट कापड घालून. तिसऱ्या दिवशी इतका गारठा होता की पेटीतून माशी बाहेर डोकावणं शक्य नव्हतं. तरी टाकेबाई आधी एकट्या बाहेर गेल्या, दोन्ही जित्या पेट्यांच्या दारांशी वाकून खात्री करून आल्या, नवऱ्याच्या खिशातलं इंजेक्शन चाचपलं, आणि मग दार उघडलं. उन्हाळ्यानंतर पहिल्यांदाच बाइंडर परसात उतरले. पायरीवर क्षणभर थांबले, नाकानं लांब श्वास घेतला आणि कोपऱ्याकडे चालू लागले.

झाकण त्यांनी उचललं. आत मुठीएवढा माशांचा गोळा होता, तसाच बिलगलेला. कित्येकींची डोकी मेणाच्या घरात खुपसलेली. राणी मधोमध. शेजारच्या दोन चौकटींत पाकाचा मध शाबूत होता.

"अगं बाई, खायला होतं की!" टाकेबाईंचा आवाज फुटला. "चार बोटांवर होतं!"

"ऊब धरायला इतक्या थोड्या उरल्या की चार बोटं जाणंही झालं नाही. गोळा सोडला की गारठून मरणार." त्यांनी राणीला तळहातावर घेतलं आणि टाकेबाईंसमोर धरलं. "पाक तू भरपूर घातला होतास. उपाशी ठेवलं नाहीस त्यांना."

मग ते खाली बसले आणि पटाशीनं चौकटी खरवडायला लागले. टाकेबाई बाजूला बसून मेण डब्यात गोळा करत होत्या. इतके दिवस त्या काचेआडच्या माणसाला बघत आल्या होत्या. आता त्याचा कोपर त्यांच्या कोपराला लागत होता. मध्येच बाइंडर म्हणाले, "मधली भलतीच भरलेली आहे. थंडी सरली की तिचे दोन भाग करता येतील. निम्म्या ह्या पेटीत."

"कसे करायचे?"

त्यांनी सांगितलं. ह्या वेळी टाकेबाईंना खरंच माहीत नव्हतं.

थंडी सरली. दोन्ही पेट्या तगल्या. एका उबदार सकाळी टाकेबाईंनी मधल्या पेटीतून माशा, पिल्लं आणि मध असलेल्या पाच चौकटी काढून कोपऱ्यातल्या धुतलेल्या पेटीत लावल्या. बाइंडर त्या वेळी दुकानात वाचनालयाची पुस्तकं बांधत होते. टाकेबाईंनी हाक मारली नाही आणि तेही उठून खिडकीत गेले नाहीत.

"राणी दिसली?" रात्री जेवताना त्यांनी विचारलं.

"दिसली. मधलीतच ठेवली. कोपऱ्यातल्या माशा त्या पिल्लांतून आपली नवी करतील."

"करतील," बाइंडर म्हणाले आणि भाजीचं भांडं पुढे ओढलं.