टॉर्च आणि दुंब्याची चरबी

गारयाग्दी आगांच्या घरात लोखंडाची कुठलीही वस्तू आली की तिला आधी दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, शेपटीची चरबी लागे. फावडं असो, कुदळ असो, रहाटाची कडी असो. जन्म जमिनीखालच्या ओलीत गेलेला माणूस, गंजाशी त्याचं हाडवैर. डोंगरातलं पाणी भुयारातून गावच्या जर्दाळूंपर्यंत आणणारी कारीज दर वसंतात उपसायची, तिच्यातला गाळ वर काढायचा, हे काम आगांच्या आजोबांनी केलं, बापानं केलं, आता आगा करत होते. पुढे करायला कोणी नव्हतं. मुलगा दोव्रान इस्तंबूलच्या बाजारात गालिचे उचलत होता. त्यामुळे आगा खाली विहिरीत, आणि वर रहाटाला बायको ओगुलबिबी आणि सून नाबात.

नाबातला या घरात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि सासऱ्यांनी अजून तिचा आवाज ऐकला नव्हता. सासऱ्यासमोर सुनेनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातांत धरायचं आणि गप्प राहायचं, ही रीत. काही सांगायचंच असेल तर सासूच्या कानात सांगावं, सासू पुढे पोचवते, वाटेत थोडंफार गाळते. रीत थोरामोठ्यांच्या मानाची आहे असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी एकदा दातांत कापड धरून दिवसभर रहाट ओढून बघावा.

भांडण टॉर्चपासून सुरू झालं होतं. दोव्राननं पाठवलेली टॉर्च चांगली होती, ॲल्युमिनियमची, पुन्हा पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियमच्या सेलवर चालणारी. थंडीत तो सेल फुगला, टाकून द्यावा लागला. बाजारातून दुसरा आणला. जुन्याच्या डोक्यावर छोटी बोंडी होती, नव्याचं डोकं ताटासारखं सपाट. आत घातला की पुढच्या पितळी टिकलीला तो जेमतेम टेकायचा. टॉर्चला थप्पड मारली की लागे, दुसरी मारली की विझे. दोव्रान फोनवरून उंटावरून शेळ्या हाकायचा. "मागची स्प्रिंग ओढून लांब करा. मध्ये काही धातूबितू घालू नका हं, सेलच्या कडेला लागला तर तापून फुटेल." स्प्रिंग ओढली. दोन दिवस बरे गेले.

आज सकाळी टॉर्च पुन्हा लुकलुकायला लागली, तेव्हा आगांनी अडून बसलेल्या लोखंडाशी ते नेहमी करतात तेच केलं. बोटभर चरबी घेतली, झाकणाच्या आट्यांत भरली, स्प्रिंगला चोपडली, जास्तीची पुसलीसुद्धा नाही. नाबात तंदूरजवळून बघत होती. ती सासूच्या कानाशी लागली, "एजे, चरबीतून वीज जाईल का?"

"लोखंडाला चरबी आणि माणसाला चहा," ओगुलबिबी म्हणाली, "यानं कधी कुणाचं बिघडलंय?" आणि तिनं काही पोचवलं नाही.

टॉर्च पार मेली. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सेलच बाद आहे," असं म्हणत आगांनी ती नमद्याच्या जाजमावर फेकली आणि रॉकेलचा कंदील घेऊन निघाले. पण चार्जरवरचा हिरवा दिवा नाबातनं सकाळी डोळ्यांनी पाहिला होता. सेल भरलेला होता. तिनं टॉर्च उचलून झग्याच्या खिशात टाकली.

दुपारच्या आधी विहिरीतून एक दबका आवाज आला, आणि मागोमाग धुळीचा लोट वर आला. दोर ढिला पडला. एक हिसका म्हणजे ओढा, दोन म्हणजे थांबा, असा आगांचा आणि वरच्यांचा संवाद चाले. हिसका आलाच नाही.

"अगं बाई गं!" ओगुलबिबी विहिरीच्या तोंडाशी पालथी पडली. "ऐकू येतंय का? ओ!" गाव सगळं शेजारच्या वाडीत लग्नाला गेलेलं. फोनला डोंगराच्या कुशीत रेंज नाही. ओगुलबिबीचे गुडघे असे की घराची पायरी उतरताना ती देवाचं नाव घेई. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नाबातनं रिकामा चामडी पोहरा वर ओढून घेतला आणि ती त्यात बसली.

"तुला सोडते आणि टेकडीपलीकडच्या मेंढपाळांना बोलवायला जाते," सासू रहाटाला अंग लावत म्हणाली. "आणि हे बघ, काही झालं तरी तोंड... " पुढचं तिनं गिळलं. नाबातनं सवयीनं रुमालाचं टोक दातांत धरलं आणि ती खाली गेली.

तळाशी विहिरीतून येणारा उजेड होता तेवढाच. थोडं आत वाकून गेलं की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. ती भिंतीला हात लावत पुढे सरकली आणि एकदम थांबली. पायाखाली पाणी नव्हतं. सकाळी घोट्यापर्यंत वाहणाऱ्या कारीजेत नुसता चिखल. पाणी आटलं नव्हतं, अडलं होतं. ढिगाऱ्याच्या पलीकडे ते चढत होतं, आणि आगा पलीकडे होते.

"कोण आहे?" ढिगाऱ्याच्या वरच्या फटीतून आवाज आला, ओला, थकलेला. "ओगुलबिबी? तू कशी उतरशील! कोण आहे?"

नाबातनं दात आणखी आवळले. सवय ही अशी असते, मरणाच्या दारातही ती आधी पुढे येते.

"बोल ना! माणूस आहेस की आणखी कोणी?" आगांचा आवाज कापला. मग थोडा वेळ नुसतं पाण्याचं डचमळणं. "गेलिन... सूनबाई, तूच असशील तर दगडावर दोनदा ठोक."

तिनं दोनदा ठोकलं. पलीकडे सुस्कारा ऐकू आला. मरायला टेकलेल्या म्हाताऱ्यानंही रीत सोडली नव्हती, तिला बोलायला लागू नये म्हणून वाट काढून दिली होती. तिला त्यांची दया आली, आणि रागही आला.

"ऐक पोरी. पाय अडकलाय. बसलोय तो उठता येत नाही. पाणी छातीला आलंय. पण अंधारात एकाही दगडाला हात लावू नकोस. एक दगड छत धरून आहे. तो ओढलास तर दोघं इथेच. दिवा आणलायस का? एकदा ठोक."

एकदा ठोकलं.

"कुठला? ती मेलेली टॉर्च? टाक ती. माझा कंदील बुडाला, वर जा, दुसरा आण."

वर जायचं म्हणजे पोहरा ओढायला कोणीतरी हवं, आणि सासू तर मेंढपाळांकडे गेलेली. नाबातनं टॉर्च काढली. बटण दाबलं. काही नाही. मागचं झाकण फिरवून काढलं तर थंडीनं गोठलेली चरबी मेणासारखी आट्यांत बसलेली. पुसायला कोरडं काय? झगा चिखलानं लडबडलेला, बाह्या ओल्या. कोरडा होता तो फक्त डोक्यावरचा रुमाल.

तिनं टोक दातांतून काढलं.

रुमालानं ती आटे पुसू लागली, नखानं चरबी उकरत, स्प्रिंगचा प्रत्येक वेढा चिमटीत घेऊन. झाकण बसवलं. बटण. क्षणभर लाल ठिणगीसारखं काहीतरी चमकलं आणि विझलं.

"गेलिन," आगा म्हणाले, आता आवाज वरच्या बाजूला तोंड करून आल्यासारखा, "पाणी गळ्याशी आलंय. तू जा. माझं झालं तेवढं झालं. दोव्रानला सांग..."

दगडावर ठोकून प्रश्न विचारता येत नाही.

"आगा," नाबात म्हणाली, "काचेच्या बाजूलाही चरबी लावलीत का?"

तिला स्वतःचाच आवाज भुयारात परका वाटला, जाड, वापरात नसलेला.

"लावली," शेवटी आगा म्हणाले. ओशाळून. "थोडीच... नाही, बरीच लावली."

तिनं पुढचं डोकं फिरवलं. तिथली पितळी टिकली चरबीत बुडालेली. पुसली, पुन्हा पुसली. सेलचं सपाट डोकं पुसलं. पण लाल ठिणगी विझली होती ती केवळ चरबीनं नाही, हे तिला कळत होतं. सेल टेकत नव्हता. केसभर कमी पडत होता. त्या केसभर जागेत काहीतरी धातूचं हवं, आणि बरोबर मध्येच बसायला हवं. कडेला सरकलं तर दोव्राननं सांगितलेलंच होईल, आणि तेही या बिळात. तिनं गळपट्टीवर हात फिरवला. लग्नात टाचलेले चांदीचे मणी. मसुराएवढा एक उपटला. टॉर्चचं तोंड खाली धरून, श्वास रोखून, मणी टिकलीच्या मधोमध सोडला, बोटानं चाचपला, वरून सेल सरळ उतरवला. अंधारात झाकणाचा पहिला आटा तीनदा चुकला.

बटण दाबलं.

उजेड असा भसकन पडला की तिनं डोळे मिटले. लागलीच दुसरी भीती, की हलवली तर विझेल. टॉर्च दातांत धरावी तर हात मोकळे होतील, पण तोंड बंद होईल. तिनं रुमाल डोक्यावरून ओढून काढला आणि टॉर्च कपाळाशी करकचून बांधली.

"लागली," ती म्हणाली.

"दिसतंय. फटीतून दिसतंय." आगा हसले की रडले कळलं नाही. "आता बोल. मला तुझ्या बाजूचं काही दिसत नाही. जे दिसतंय ते सगळं सांग. थांबू नकोस."

"वर पिवळी माती आहे. डाव्या हाताला ठिबकतेय. एक लांबडी शिळा तिरकी पडलीय, तिच्याखाली गोल दगड, पांढऱ्या रेषेचा."

"त्याला बोट लावू नकोस! तोच तो. उजव्या हाताला खाली?"

"ढेकळं आहेत. मधून पाणी पाझरतंय."

"तीच काढ. खालून नको, बाजूनं. बोलत राहा."

ती बोलत राहिली. हे ढेकूळ काढलं, हे हललं नाही, हे हललं, वरून माती सांडली, थांबले, आता पुन्हा काढतेय. दोन वर्षांत त्या घरात ती जेवढं बोलली नसेल तेवढं तिथे बोलली. मधेच उजेड लुकलुकला. तिनं मान स्थिर धरली. पलीकडून पाण्याच्या गुळण्या येत होत्या, मग तेही थांबलं.

"आगा? आगा, बोला ना!"

तिनं दोन्ही हात ढेकळांत खुपसून एक मोठं ढेकूळ मिठीत घेऊन मागे ओढलं, आणि पाणी धबाबा फुटलं. ती पाठीवर आपटली. लाट अंगावरून विहिरीकडे धावली. टॉर्च विझली नाही. छतही जागेवर राहिलं. लोंढ्यानं आगांचा अडकलेला पायही सोडवला. ढिगाऱ्याच्या भोकातून आधी खोकला आला, मग दोन हात आले, आणि त्या हातांना धरून तिनं सासऱ्याला, सुजलेल्या पायासकट, आपल्या बाजूला ओढून काढलं.

विहिरीच्या तळाशी पोहोचले तोवर वर माणसांच्या हाका ऐकू येत होत्या. दोन मेंढपाळ आणि ओगुलबिबी. आधी आगांना वर घेतलं. नाबात एकटी राहिली तेव्हा तिनं टॉर्च सोडली, रुमाल डोक्यावर घेतला आणि टोक दातांत धरलं. त्याला चरबीची आणि मातीची चव होती.

वर आली तर आगा नमद्यावर पडलेले, मेंढपाळ त्यांच्या खांद्यावर मेंढीच्या कातड्याची पोस्तीन टाकत होते. ओगुलबिबीचा जीव भांड्यात पडला होता, म्हणून आता तिला दुसऱ्या गोष्टी आठवत होत्या.

"खालून बाईचा आवाज येत होता," ती म्हणाली. "सारखा. आम्ही तिघांनी ऐकला."

मेंढपाळांनी नजर जमिनीकडे वळवली. आगांनी सुनेकडे पाहिलं नाही.

"मीच बडबडत होतो," ते म्हणाले. "भीतीनं. विहिरीत आवाज बदलतो."

नाबातला आधी हायसं वाटलं. मग हळूहळू कानशिलं तापली. काळोखात बोल, बोलत राहा म्हणून ज्यानं आपला जीव तिच्या आवाजाला टांगला, त्यानंच उन्हात येताच तो आवाज परत विहिरीत ढकलला होता. तिच्या भल्यासाठीच, हे तिला कळत होतं. त्यामुळेच जास्त लागलं.

तिनं टोक दातांतून काढलं.

"मी बोलत होते, एजे," ती म्हणाली. "तुम्ही पाणी तापवायला ठेवा."

ओगुलबिबी नवऱ्याकडे बघत राहिली, की हा आता काय म्हणतो. मेंढपाळही बघत राहिले. नाबात सासऱ्यापुढे गुडघ्यावर बसली.

"पाय इकडे करा, आगा."

आगांनी मुकाट्यानं पाय पुढे केला.