माईंच्या मोटारीला फिल्टर बसला

एकोणीसशे शहाऐंशी सालचा उन्हाळा. त्या उन्हाळ्यात वालूरच्या एका अंगणात, लिंबाच्या सावलीत, माझं इंजिन उघडून पुन्हा जोडलं गेलं. आणि त्याच उन्हाळ्यात माझा विश्वासघात झाला.

मित्रांनो, मी एक जुनी विलायती मोटार आहे. निजामाच्या काळात मी जहाजातून उतरले आणि हैदराबादमार्गे पालमला आले. तिथल्या एका जमीनदाराने मला हौसेनं घेतलं. पुढे त्यांची मुलगी पार्वती वालूरच्या दत्तरावांना दिली, तेव्हा तिच्याबरोबर मलाही पाठवलं. सगळ्या वऱ्हाडासमोर ते जावयाला म्हणाले, "ही गाडी तुमची न्हाई बरं का, माझ्या लेकीची हाय. ती म्हणंल तवाच ही तुमच्या अंगणातून हलायची." दत्तरावांनी होकाराची मान हलवली. ती मी माझ्या दोन्ही दिव्यांनी पाहिली आहे.

माझ्या काळच्या इंजिनांना ऑइल फिल्टर नसे. तळाशी एक तारेची जाळी, तीही भरड. आमचा मुलूख काळ्या मातीचा. उन्हाळ्यात पिठासारखी धूळ उडते, ती तेलात मिसळली की आतले भाग पाट्यावर वाटल्यासारखे झिजतात. म्हणून पार्वतीबाईंनी माहेरची रीत सोबत आणली होती. ड्रायव्हर भुजंग माझं तेल कोमट असताना काढायचा, ते मातीच्या घागरीत निवळत ठेवायचा, आणि मग पार्वतीबाई स्वतः पाटावर बसून चार पदरी मलमलीतून ते गाळायच्या. सगळे त्यांना माई म्हणत.

"माई, द्या इकडं, मी गाळतो," भुजंग म्हणायचा.

"नगं बाबा. तुला दम निघत न्हाई, तू फडकं पिळतूस. पिळलं की घाण परत खाली. तेलाला त्याच्या गतीनं उतरू द्यावं लागतंय."

असं थेंब थेंब गाळलेलं तेल माझ्या पोटात जायचं. मी त्यांना कधी दगा दिला नाही. सेलूचा बाजार केला, पाथरीच्या वाटा तुडवल्या. नामांतराच्या दंगलीत एसट्या बंद पडल्या, तेव्हा सेलू स्टेशनावर अडकलेली गावची माणसं मी घरी आणली. लोक म्हणायचे, "माईची मोटार म्हंजे पोलाद हाय."

पुढे मला दम लागू लागला. तेलातली घाण नव्हे, वयच झालं होतं. मला गोठ्याशेजारी लावलं. मागच्या सीटवर सरकीची पोती आली, पोत्यांवर कोंबड्या आल्या. दत्तराव माझ्याकडे बघेनासे झाले. माई मात्र सणासुदीला येऊन माझा पत्रा पुसायच्या आणि म्हणायच्या, "एकदा तुझ्यात बसून पालमला जायचंय ग मला."

आणि अचानक त्या उन्हाळ्यात दत्तरावांनी परभणीहून पंडित मिस्त्रीला बोलावलं. पोती निघाली, कोंबड्या हाकलल्या गेल्या. पंडितने इंजिन खोलून धुतलं, रिंगा आणि बेअरिंगं नवी घातली. शेवटी त्याने पिशवीतून तांब्याएवढा एक डबा काढला. तेलाचा दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडे जाणाऱ्या नळीला त्याने फाटा काढला, त्यातून एक तांब्याची नळी डब्यात नेली आणि दुसरी डब्यातून परत इंजिनात आणली.

"ह्ये काय बसवायलास रे?" माईंनी विचारलं.

"ऑइल फिल्टर हाय, काकू. आता तुमची मलमल ठेवा पेटीत."

"ह्याच्या पोटात काय हाय?"

"कागद."

"कागद? मग माझ्या मलमलीनं काय पाप केलतं?"

"तुमची मलमल तेल बाहीर काढल्यावर गाळती. ह्यो गाडी चालता चालता गाळतो. जेवता जेवता दात घासल्यावानी!"

माई पदर तोंडाला लावून हसल्या. बाजेवर बसलेले दत्तराव म्हणाले, "तुझे गुडघे दुखायलेत. पाटावर किती दिवस बसशील? म्हणून मीच सांगितलं बसवायला."

माई चुलीकडे वळल्या. त्या दिवशी पंडितच्या ताटात पुरणपोळी पडली. मलाही वाटलं, या घराला माझी आठवण झाली. त्या परक्या डब्याला मी माझ्या अंगाचा मानला. भुजंग तेवढा माझ्याजवळ येऊन गप्प राही. एरवी मला पुसताना त्याची टकळी थांबत नसे. असं का, ते मला कळलं नाही.

अक्षय्यतृतीयेला माझी पूजा ठरली. पूजा करून पालमला निघायचं, असं माईंनी ठरवलं होतं. हिरवं लुगडं नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन त्या बाहेर आल्या, तेव्हा अंगणात एक कोरी जीप उभी होती आणि एक परका माणूस माझं बॉनेट उघडून वाकून बघत होता.

"फिल्टर लगाया ना?" तो दत्तरावांना म्हणाला. "हमारे साब की पहली शर्त वोइच थी. हैदराबाद में कपडे से तेल छानने को कौन बैठता?"

माईंनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"ह्यो कोण हाय? कुठं न्यायलाय गाडी?"

दत्तराव जीपकडे बघत म्हणाले, "अदलाबदल केलीय. निवडणुकीला फिरायला जीप लागंल. तुलाबी बसायला बरी हाय."

"म्हंजे ह्यो डबा माझ्या गुडघ्यासाठी नव्हता?"

दत्तराव जीपचं दार उघडून आत बघू लागले. मग त्या भुजंगकडे वळल्या. "तुला ठावं होतं?"

"माई, जीप मीच चालवणार म्हणले मालक," भुजंग खाली बघून म्हणाला. "मी काय करू?"

"काय करू म्हंजे? एका शब्दानं सांगितलं असतंस तर मी हिच्यापुढं आडवी पडले असते!"

त्यांनी दोन्ही हात माझ्या पत्र्यावर टेकले. मित्रांनो, मी ठरवलं, काही झालं तरी सुरू व्हायचं नाही. मालकाने हुकूम केला. भुजंगने हँडल घातलं. पूर्वी त्याचा घाम काढल्याशिवाय मी उठत नसे. पण पंडितने माझ्या नसानसा मोकळ्या केल्या होत्या. हँडल अर्धंच फिरलं आणि मी धडधडून सुरू झाले. दुसऱ्यांचं सोडा, माझं स्वतःचं इंजिनसुद्धा माझ्याशी बेइमान झालं. माईंनी हात काढून घेतले. मी आवाज दिला नसता तर कदाचित त्यांनी मला सोडलं नसतं.

आता मी हैदराबादच्या एका हॉटेलच्या दारात काचेमागे उभी असते. मला कोणी चालवत नाही, त्यामुळे तो फिल्टर अजून स्वच्छ आहे. विद्यापीठाचा नामविस्तार झाला त्या वर्षी भुजंग नातेवाइकाच्या औषधपाण्यासाठी इथे आला होता. काचेला कपाळ लावून तो बराच वेळ बोलत राहिला, म्हणून मला सगळ्यांचं कळलं.

पंडित मिस्त्रीने परभणीत मोठं गॅरेज टाकलं. दत्तराव निवडून आले, पुढच्या वेळी पडले, आता घरीच असतात. जीप पहिल्या दिवसापासून त्यांच्या पुतण्याने चालवली. भुजंगला तिच्या चाकामागे कोणी बसू दिलं नाही. तो भावाची मेंढरं वळतो.

मित्रांनो, जुनी वस्तू घरात नको झाली तर जरूर द्या. पण ती जिची आहे, तिला आधी विचारा. आणि तिच्यापासून काही लपवायचंच असेल, तर निदान त्याला मायेचं नाव देऊ नका.

माई त्या जीपमध्ये कधीच बसल्या नाहीत. पालमला जायचं असलं की अंगणात जीप मोकळी उभी असते, आणि माई काठी टेकत फाट्यावर जाऊन एसटीची वाट बघतात.