मधोमध

नवऱ्याने ओतलेली शेवटची काच भट्टीत निवत होती, आणि ती तडकू द्यायची नाही एवढा एकच ध्यास वहिनींनी घेतला होता. भट्टी सांभाळायला त्यांचा सख्खा दीर होता. त्याचं ऐकून अख्खा कारखाना त्यांना वहिनीच म्हणे. काचेची ती जाडजूड लादी ओतून झाल्यावर नवरा भट्टीच्या डाव्या भिंतीला सवयीने हात टेकून उभा राहिला आणि तिथेच कोसळला. तेव्हापासून काच निववण्याचं गणित वहिनींच्या गळ्यात पडलं होतं.

गणितात त्या कच्च्या नव्हत्या, पण दुःखात माणूस टापटिपीला धरून बसतो. लादीला खालून ऊब देणारी तापपट्टी त्यांनी अगदी मधोमध बसवली, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. मधली पट्टी दोन्ही बाजूंना सारखीच ऊब देते. डाव्या-उजव्यात फरक असेल तर त्याचं ती काही वाकडं करू शकत नाही. आणि तापमान दाखवणाऱ्या पडद्यावर डावी बाजू उजवीपेक्षा गरम दिसत होती.

"असू दे की वहिनी, आपोआप निवेल," दीर म्हणाला.

निवायला हवं होतं. एकटी सोडली की उष्णता पसरते, फरक विरतो. तिचा स्वभावच तो. पण हा फरक कित्येक दिवसांत तसूभर हलला नव्हता. डावीकडे पंजाएवढा गरम डाग होता, बरोबर नवरा हात टेकायचा तिथे.

"दादाला जायचं नाहीये," दीर हळूच म्हणाला. एरवी भुताखेतांची टिंगल करणारा माणूस.

"तो डाग राहिला तर काच तडकेल."

"आणि घालवला तर?"

वहिनी भट्टीपाशी गेल्या. बाहेरच्या दांड्याने त्यांनी पट्टी जराशी बाजूला सरकवली. आता ती डाव्या-उजव्याला वेगवेगळी ऊब देऊ शकत होती. किती तापवायचं, कधी थांबायचं, सगळं नव्याने मांडलं. तरी डाग हटेना. आकडे पुढे सरकत आणि पुन्हा मागे ओढले जात. पलीकडून कुणीतरी हट्टाला पेटलं होतं.

"अहो, तुमचीच काच आहे," वहिनी डाव्या भिंतीला म्हणाल्या. "सोडा आता."

डाग विरला. काच अखंड निवली. वहिनींनी डाव्या भिंतीवर हात ठेवला, तर ती इतर भिंतींसारखीच गार होती, आणि त्या तिथेच ढसाढसा रडल्या.

दुपारी घरी येऊन त्या पलंगावर आडव्या झाल्या. नवरा गेल्यापासून त्या मधोमध झोपत, रिकामी बाजू दिसू नये म्हणून. आज त्या सरकून आपल्या बाजूला गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग पाठीमागची चादर हळूहळू कोमट होऊ लागली.