शेवटची बांधी

उमरावांनी मोबाइल नातीच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं,

"वाच. एक अक्षर सोडायचं नाई."

चेतना अकरावीत होती, अर्जुनी मोरगावला कॉलेजात जायची. तिने ओढणीला हात पुसले आणि मोबाइल उचलला. 'शेवटची बांधी' नावाचा ब्लॉग. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. सकाळी पानठेलेवाला केशोराव हसत म्हणाला होता, "उमरावभाऊ, तुमच्या पाण्यावर पोरं लिहून राहिले म्हणते." तेव्हापासून उमराव नात घरी यायची वाट बघत होते. ते एकवीस वर्षं गावचे पाणकर होते. तलावाचं पाणी कोणत्या दिवशी कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, हे पाणकर ठरवतो आणि त्याला उलट कोणी विचारत नाही. पुढच्या शुक्रवारी गावसभा होती. पाणकर सभेतच नेमला जातो.

"'मंगळवारी पाणी सुखरामकाकाचं होतं,'" चेतना वाचू लागली. "'सकाळी आलं. दुपारी कोणीतरी ते वरच्या बांध्यांकडं वळवलं. धान गर्भात आहे आणि शेवटच्या बांधीला भेगा पडल्यात.'"

"मी वळवलं म्हणते का?"

"नाव नाई लिहिलं, आबाजी."

"नाव कायले लागते? तुडूम माह्या हातात."

तुडूम म्हणजे तलावाची जुनी दगडी मोरी. तिला पाणकराशिवाय कोणी हात लावत नसे. मंगळवार तर उमरावांना लख्ख आठवत होता. सकाळी तुडूम उघडलं, घरी आले, जेवले, आडवे झाले. मग दुपारी कोण गेलं? गोवर्धनच. त्याला कधीपासून पाणकर व्हायचं होतं. बाप पाणी वळवत असणार आणि पोरगा ओमेश लिहीत असणार.

"खाली अजून काय हाये?"

"काई नाई. जाहिरात हाये."

तिचा अंगठा भरकन फिरला. मोबाइल पालथा ठेवून ती चुलीकडे गेली. उमराव तिच्या पाठीकडे बघत राहिले. ती आणि ओमेश एकाच एसटीने जात.

दुसऱ्या दिवशी चेतना यायच्या आधीच त्यांनी ओमेशला बसथांब्याच्या मागे गाठलं.

"तूच लिहितं ना बे?"

"मी? मले निबंधात पाच मार्क भेटत नाई, आबाजी."

"थट्टा नको करू. खालचं वाच. पोरीनं वाचलं नाई."

"तिनं नाई वाचलं, त मी काऊन वाचू?"

"मी पाणकर आहो म्हणून."

ओमेशने रस्त्याकडे पाहिलं. एसटीचा पत्ता नव्हता. त्याने मोबाइल काढला आणि मान खाली घालून, वर्गात उभं केल्यासारखं वाचलं.

"हे सुखरामकाकाच्या पिंटूनं लिहिलं. 'चेतना, टेन्शन नको घेऊ. आबाजी घरी गेले का बाबा पाणी परत वळवून घेते.'"

"चेतना?"

"ब्लॉग तिचाच हाये."

उमरावांनी हातानेच पुढे वाचायची खूण केली.

"हे रश्मीनं लिहिलं. 'गुरुवारी आबाजी आमच्या बांधीत दोनदा पाणी सोडून गेले. दुसऱ्या वेळचं आईनं सुखरामकाकाकडं काढून दिलं.'"

उमरावांनी गुरुवार मनात परत चालून पाहिला. घर, तलावाची पाळ, तुडूम, घर. एकदाच. एकदाच गेलो होतो.

"आन् तुह्यं?"

"माह्यं काई नाई."

"वाच बे."

ओमेशचा आवाज उतरला. "'बाबा सभेत नाव देऊन नाई राहिले. म्हणते, उमरावभाऊ हायेत तोवर तेच. पाणी आपण सांभाळू. आबाजीले फक्त कळू देऊ नको.'"

एसटी आली. ओमेश चढताना पुटपुटला, "मी सांगितलो असं तिले नोका सांगू."

धावत आलेली चेतना त्यांना पाहून थबकली.

"आबाजी, तुम्ही इथं काऊन?"

"असाच. जाय, गाडी सुटंल."

गाडी गेली. उमराव तलावाच्या वाटेला लागले. तुडूम आज उघडायचं होतं. घरून निघालो ते थेट बसथांब्यावर आलो. पाळीवर चढताना त्यांना पाणी ऐकू आलं. खाली नालीत ते भरून वाहत होतं. उघडलं कोणी? त्यांनी मान वळवून चारी बाजूंना पाहिलं. मग नजर पायांवर गेली. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं आणि बोटांमध्ये चिखल होता, अजून न वाळलेला.

ते नालीच्या काठाने शेवटच्या बांधीकडे निघाले.

शेवटच्या बांधीत आलेलं पाणी दुसरीकडे वळवायला सुखराम धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, नाली फोडत होता. उमरावांना येताना पाहून त्याने फावडं गवतात टाकलं आणि उगाच धानाचं पान चाचपू लागला.

"राम राम, पाणकर."

"राम राम."

उमरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याने तोंड पुसलं, पुन्हा खांद्यावर टाकला.

"सुखराम, आज पाणी कोणाचं हाये?"

एकवीस वर्षांत हा प्रश्न त्यांना सगळ्यांनी विचारला होता. सुखरामने त्यांच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"रश्मीच्या बापाचं, भाऊ."

"मंग चाल."

सुखरामने गवतातलं फावडं उचललं. धुरा एका माणसापुरताच होता. तो बाजूला सरकला, उमरावांना पुढे होऊ दिलं आणि एक पाऊल मागे ठेवून चालू लागला.